चिंचवडचें स्टेशन

पुण्याहून निगडीकडे जाणाऱ्या बसमध्यें बसून चिंचवडचें तिकीट मागितलें, तर कंडक्टर उलट विचारतो, ‘गांव कीं स्टेशन?’ नवखा माणूस या प्रश्नानें गोंधळतो. कारण स्टेशन म्हणजे गांवाचाच एक भाग, अशी आपली साधी समजूत असते. चिंचवडची गोष्ट निराळी आहे. चिंचवडगांव पवनेच्या कांठीं, मोरया गोसावींच्या समाधीच्या आसऱ्यानें वाढलेलें. चिंचवड स्टेशन तेथून मैल-दीड मैलावर, जुन्या मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेला. आणि स्टेशन म्हटलें म्हणजे केवळ फलाट आणि तिकिटाची खिडकी नव्हे. त्या नांवाची एक सबंध वस्ती आहे. तिच्यांत दुकानें आहेत, दवाखाने आहेत, शाळा आहेत; आणि तेथें राहणाऱ्या कित्येकांनीं वर्षवर्ष आगगाडींत पाऊल ठेवलेलें नसतें. तरी पत्ता लिहितांना ते ‘चिंचवड स्टेशन’ असेंच लिहितात. एका परदेशी कंपनीनें आपल्या सोयीसाठीं माळावर उभें केलेलें एक ठिकाण जुन्या देवस्थानाच्या गांवाशीं नांवाची अशी वांटणी करून बसलें, हें कसें घडलें तें पाहण्यासारखें आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे ही कंपनी १८४९ सालीं इंग्लंडांत पार्लमेंटच्या कायद्यानें स्थापन झाली. भांडवल तेथील भागधारकांचें. परंतु त्यावर शेंकडा पांच व्याजाची हमी हिंदुस्थानच्या तिजोरींतून दिलेली होती, आणि लोहमार्गासाठीं लागणारी जमीन सरकारनें फुकट द्यावयाची होती. म्हणजे धंदा चालला नाहीं तरी भागधारकाचें व्याज चुकत नसे. तें रयतेच्या पैशानें भरून निघे. दादाभाई नौरोजींसारख्यांनीं हिंदुस्थानांतून बाहेर वाहून जाणाऱ्या पैशाचा हिशेब मांडला, त्यांत रेल्वेच्या व्याजाचाही भाग होता. कंपनीची नजर होती ती वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर, आणि सरकारची होती ती फौजेच्या हालचालीवर. मधल्या गांवांची सोय हा कोणाचाच मुख्य हेतु नव्हता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८५६ सालीं, रूळ घाटाच्या पायथ्याशीं खोपोलीस येऊन पोंचले आणि तेथें अडले.

पुढें बोरघाट होता. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, १८३० सालीं, या घाटांतून गाडीरस्ता झाला होता. परंतु बैलगाडी जी चढण चढते ती इंजिनास झेपत नाहीं. घाटाचें काम चालू असतां कंपनीनें वाट पाहत बसण्याऐवजीं वरच्या अंगाचा मार्ग आधीं पुरा केला. १४ जून १८५८ रोजीं पुणें ते खंडाळा हा लोहमार्ग खुला झाला. हा एक विलक्षण प्रकार होता. देशावर रेल्वे आहे, कोंकणांत रेल्वे आहे, आणि मध्यें डोंगर. वरच्या मार्गावरचीं इंजिनें, डबे, रूळ, सारें घाटाच्या रस्त्यानेंच वर चढवावें लागलें. प्रवाशानें पुण्यास गाडींत बसावें, खंडाळ्यास उतरावें, पालखींतून, तट्टावरून किंवा पायीं घाट उतरून खोपोलीस जावें, आणि तेथें दुसऱ्या गाडींत बसावें. ही उठाठेव पांच वर्षें चालली.

चिंचवडचें स्टेशन या वरच्या तुकड्यावरचें. पुण्याहून तें सुमारें दहा मैलांवर आहे. आजच्या मापानें सोळा किलोमीटर. तें गांवापासून दूर कां, याचें उत्तर नकाशावर बोट ठेवल्यास मिळतें. तळेगांव सोडल्यावर लोहमार्ग इंद्रायणी आणि पवना या दोन नद्यांच्या मधल्या उंचवट्यावरून चालतो. तेथें चढउतार थोडा, पूल बांधण्याचा खर्च थोडा. या टप्प्यांतला मोठा पूल बांधावा लागला तो दापोडीजवळ मुळेवर. आपलीं जुनीं गांवें मात्र पाण्याच्या कांठीं वसलेलीं. गांवास नदी हवी, इंजिनीयरास नदी नको. तेव्हां दोघांची गांठ पडणें कठीणच होतें. तळेगांवाची तीच स्थिति झाली, देहूची तर अधिकच. देहूरोड हें नांव ऐकून कोणास वाटेल कीं देहूच्या एखाद्या रस्त्याचें तें नांव असावें. वास्तविक ‘रोड’ हा रेल्वेच्या भाषेंतला एक प्रामाणिक शब्द आहे. गांव येथें नाहीं, येथून गांवाकडे रस्ता जातो, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंडांत कॉर्नवॉलमध्यें बॉडमिन शहर लोहमार्गापासून कांहीं मैल दूर राहिलें, तेव्हां १८५९ सालीं तेथल्या स्टेशनास बॉडमिन रोड असेंच नांव दिलें गेलें. चिंचवडला मात्र ‘रोड’ लागला नाहीं. तो लागला असता तर कंडक्टरला प्रश्न विचारावा लागला नसता.

घाटाची हकीकत थोडी सांगितली पाहिजे. कारण ती पुरी झाल्याशिवाय चिंचवडच्या स्टेशनास खरा अर्थ नव्हता. मुख्य इंजिनीयर जेम्स बर्कले यांनीं आंखलेला हा चढ सुमारें पंधरा मैलांचा, आणि त्यांत अठराशें फुटांहून अधिक उंची गांठावयाची. सदतीस फुटांस एक फूट असा कठीण चढ, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. एके ठिकाणीं वळण घेण्यास डोंगरांत जागाच उरली नाहीं, म्हणून गाडी उलट दिशेनें काढण्याचें एक स्टेशन बांधलें. तें १९२९ पर्यंत वापरांत होतें. पहिल्या ठेकेदाराकडून काम निघालें; दुसरे सॉलोमन ट्रेडवेल १८५९ सालीं इंग्लंडाहून आले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं ठेका सोडला नाहीं. जाणते कारभारी नेमून त्यांनीं काम तडीस नेलें. हजारों मजूर या डोंगरांत राबले. पटकीनें आणि तापानें त्यांतले किती मेले त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेवलीं नाहींत. २१ एप्रिल १८६३ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितींत घाट खुला झाला, आणि मुंबई-पुणें हा प्रवास एका गाडींत होऊं लागला.

त्यानंतरचीं पन्नास-साठ वर्षें चिंचवडचें स्टेशन हें एक लहानसें वाटेवरचें ठिकाण होतें. १८८५ च्या सुमारास छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत तळेगांव आणि खडकी यांच्यामध्यें चिंचवडचेंच नांव येतें. पिंपरी, कासारवाडी, आकुर्डी हीं नांवें रेल्वेच्या नकाशावर मागाहून आलीं. उतरणारे बहुधा मोरया गोसावींच्या दर्शनास येणारे भाविक. त्यांना गणपतीच्या पायांशीं पोंचण्यास अजून बरीच पायपीट असे. माघ आणि भाद्रपद महिन्यांत चिंचवडहून मोरगांवास पालखी निघते, ती मात्र आगगाडी आली तरी पायींच जात राहिली. गाडी माणसाला घेऊन गेली, देवाला नाहीं.

स्टेशननें गांवास दिलेली एक गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ती म्हणजे घड्याळ. सूर्य माथ्यावर आला कीं दोन प्रहर, एवढा हिशेब गांवास पुरत असे. आगगाडीस तो चालेना. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हिंदुस्थानांतील रेल्वेनें मद्रासची वेळ धरली, आणि ती मुंबईच्या वेळेपेक्षां सुमारें अर्धा तास पुढें होती. म्हणजे चिंचवडच्या फलाटावर मद्रासचे बारा वाजत, त्या वेळीं गांवांत सूर्याचे बारा वाजण्यास बराच अवकाश असे. पाहुण्यास पोंचविण्यास निघालेल्या किती मंडळींची गाडी या अर्ध्या तासानें चुकविली असेल! १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठीं एक प्रमाणवेळ ठरली, आणि हा घोळ हळूहळू मिटला.

आगगाडीनें आणलेली दुसरी गोष्ट भयंकर होती. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला. लोक मुंबई सोडून पळूं लागले, आणि त्यांच्याबरोबर रोग लोहमार्गानें देशावर चढला. १८९७ च्या फेब्रुवारींत सांथीच्या रोगांचा कायदा झाला. उतारूंची तपासणी, संशयितांस अडकवून ठेवणें, घरांची झडती हें सारें सुरू झालें. पुण्यांतल्या जुलुमाचा परिणाम म्हणून २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडींत रॅंडवर गोळी झाडली गेली. त्या रात्रीच्या हल्ल्यांतले दामोदर आणि बाळकृष्ण चापेकर हे चिंचवडचे. दामोदर १८९८ सालीं, आणि वासुदेव व बाळकृष्ण १८९९ सालीं फांसावर गेले. रॅंड प्रकरणाचा इतिहास सांगतांना पुण्याचें नांव पुढें येतें, आणि चिंचवडचें एका वाक्यांत आटोपतें. हें न्यायाचें नाहीं. गांवांतल्या चौकास आज चापेकरांचें नांव आहे. स्टेशनाकडून गांवांत शिरतांना तो लागतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या मार्गावर एक नवी चाहूल लागली. अंताजी दामोदर काळे यांनीं एकेक पैसा जमवून उभारलेल्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. जपानांत हें काम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय त्याचे प्रमुख होते, आणि लोकमान्य टिळकांचा या खटपटीस पाठिंबा होता. कांच भट्टींतून काढणें एक, आणि ती न फुटतां पेठेंत पोंचविणें दुसरें. अशा धंद्यास लोहमार्ग हाताशीं असणें किती सोयीचें, हें सांगावयास नको. स्टेशन हें उतरण्या-चढण्याच्या जागेखेरीज कारखान्याचें दारही होऊं शकतें, हें या भागानें तेथें प्रथम पाहिलें. पुढच्या काळांतल्या प्रचंड उद्योगांपुढें हा कारखाना लहान. पण तो परक्या भांडवलाचा नव्हता.

१९२५ सालीं कंपनीचा कारभार सरकारनें आपल्या हातीं घेतला. १९२९ सालीं कल्याण ते पुणें हा मार्ग विजेवर आला, आणि १ जून १९३० पासून दख्खनची राणी धांवूं लागली. चिंचवडकरांचा या राणीशीं संबंध दुरून पाहण्यापुरता. ती फलाटाला धुरळा देऊन निघून जाई. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत देहूरोडच्या बाजूस लष्कराचीं मोठीं कोठारें उभीं राहिलीं, आणि त्यांच्या कामावर आलेल्या दलित कामगारांची तेथें वस्ती झाली. त्याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या धर्मांतराआधीं जवळजवळ दोन वर्षें हें घडलें.

चिंचवडच्या स्टेशनाचें नशीब खऱ्या अर्थानें फिरलें तें स्वातंत्र्यानंतर. फाळणीमुळें सिंधमधून निघालेलीं कुटुंबें मुंबईंत उतरलीं, त्यांतलीं कांहीं पिंपरीच्या छावणींत आलीं. अंगावरच्या वस्त्रानिशीं आलेल्या या लोकांनीं थोड्याच वर्षांत तेथें अशी बाजारपेठ उभी केली, कीं पिंपरी कॅंप हें नांव आज निर्वासितांपेक्षां कापडखरेदीचीच आठवण अधिक देतें. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्यानें तेथें पेनिसिलीन तयार होऊं लागलें. ज्या औषधासाठीं परदेशाकडे पाहावें लागे, तें ज्वारीच्या शेतांलगत तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें. पवनेचें पाणी, मुंबईचा रस्ता, लोहमार्ग आणि स्वस्त जमीन या चार गोष्टी एकत्र मिळत होत्या. आकुर्डीस बजाज, पिंपरीस टेल्को, चिंचवडला बेअरिंगांचा एसकेएफ, असे एकामागून एक कारखाने आले. शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. कोणाच्या मुलास कारखान्यांत नोकरी लागली, कोणाच्या मुलास नाहीं. गांवांत देवळाची घंटा होती तशीच राहिली, पण दिवसाचे भाग भोंग्यानें पडूं लागले.

याच सुमारास आगगाडीच्या मूळ देशांत कांहीं निराळेंच चाललें होतें. १९६३ च्या मार्चमध्यें डॉ. बीचिंग यांचा अहवाल इंग्लंडांत प्रसिद्ध झाला. दोन हजारांहून अधिक लहान स्टेशनें तोट्यांत चालतात, तीं बंद करावींत, अशी त्यांत सूचना होती. आणि पुढच्या दहा वर्षांत फार मोठ्या प्रमाणावर तसें झालेंही. शंभर वर्षें ज्या खेड्यांतून गाडी थांबत होती, तेथें गवत उगवलें. कोणी मोटार घेतली, आणि ज्याला ती घेतां येत नव्हती तो म्हातारा किंवा विद्यार्थी घरीं बसला. हिशेबाच्या वहींत त्याचा रकाना नव्हता. चिंचवड हें इंग्लिश इंजिनीयरांनीं घातलेलें तसलेंच एक लहान स्टेशन. तें बंद होण्याऐवजीं वाढलें, याचें श्रेय रेल्वेच्या दूरदृष्टीस देतां येणार नाहीं. माणसें आधीं आलीं, गाड्या मागून आल्या.

किती मागून, तें पाहावें. कारखाने आले १९६० च्या दशकांत. १९७० सालीं पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली; तिच्या नांवांतलीं दोन्ही गांवें लोहमार्गावरचीं. १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालें. आणि पुणें-लोणावळें विजेची लोकल सुरू झाली ती ११ मार्च १९७८ रोजीं. मधलीं वर्षें कामगारानें इंजिनाच्या शटलवर, बसवर आणि मुख्यतः सायकलीवर काढलीं. पहाटे सायकलींच्या ज्या रांगा मुंबई रस्त्यानें जात, त्या पाहिलेलीं माणसें अजून या शहरांत आहेत.

लोकल आली आणि चौसष्ट किलोमीटरांच्या या पट्ट्याचें जीवनच बदललें. मावळांतला दूधवाला कॅन घेऊन चढूं लागला. कामशेत-वडगांवचीं मुलें पुण्याच्या कॉलेजांत जाऊन रात्रीं घरीं परतूं लागलीं. एरवीं त्यांचें शिक्षण गांवच्या शाळेबरोबरच संपलें असतें. मासिक पासाचा दर बसच्या मानानें इतका कमी, कीं पगार लहान असलेल्या माणसास मावळांत स्वतःचें घर आणि पिंपरींत नोकरी असा संसार मांडतां आला. तिकीट देणें, माल उतरविणें, गाडीस सिग्नल देणें एवढींच स्टेशनाचीं कामें कागदावर असतात. माणसास आपलें गांव न सोडतां पोट भरतां येणें, हें काम कागदावर नसतें. पण चिंचवडच्या फलाटानें तें केलें आहे. मुंबईस जाणाऱ्यांसाठीं सिंहगड एक्सप्रेसही चिंचवडला थांबूं लागली. दख्खनच्या राणीनें ज्यांच्याकडे पाहिलें नाहीं, त्यांना ही एक गाडी आपली वाटते.

उणें राहिलें तें मार्गाचें. १९७८ सालीं लोकल ज्या दोन रुळमार्गांवर सुरू झाली, ते मेल आणि मालगाड्यांचेच मार्ग होते. लांब पल्ल्याची गाडी मागून आली, कीं लोकलनें बाजूस उभें राहून तिला वाट द्यावयाची. १८५८ सालीं मधल्या गांवांस जें स्थान होतें, त्याचीच ही आठवण. शहराची लोकसंख्या लाखांनीं वाढली, १९८२ सालीं नगरपालिकेची महानगरपालिका झाली. गाड्यांची संख्या मात्र त्या मानानें वाढली नाहीं. मुंबईच्या लोकलशीं तुलना करून पुणेंकर हंसतात, आणि मोटारसायकल घेतात. ती मोटारसायकल पुष्कळदां चाकणला बनलेली असते.

चाकणचें नांव येथें मुद्दाम घेतलें. चाकण हें जुनें नामांकित ठाणें. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्ताखानाच्या फौजेविरुद्ध तेथला भुईकोट जवळजवळ दोन महिने लढविला. पुणें-नाशिक रस्त्यावरचा कांद्याचा बाजार म्हणूनही त्याची ख्याति. परंतु लोहमार्ग त्याच्या वांट्यास आला नाहीं. बर्कलेचा मार्ग पश्चिमेकडून गेला, आणि पुणें व नाशिक या दोन शहरांमध्यें सरळ रेल्वे झाली नाहीं. गाडीनें जावयाचें तर कल्याणचा किंवा मनमाडचा वळसा घ्यावा लागे. विसाव्या शतकाच्या अखेरीस चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहूं लागले; बजाज आला, २००९ सालीं फोक्सवॅगन आली, त्यानंतर महिंद्र आली. चिंचवडची वसाहत स्टेशनाच्या कडेनें वाढली होती. चाकणची वाढली ती केवळ रस्त्याच्या जोरावर. त्याची किंमत नाशिक रस्त्यावर रोज मोजली जाते. तळेगांव-चाकण रस्त्यावर ट्रेलरांची रांग लागली म्हणजे कामगाराची बस तिच्या मागें उभी राहते, आणि आठ तासांच्या पाळीस जाण्यायेण्याचे तीन तास जोडले जातात.

या पट्ट्यांत तयार झालेल्या गाड्यांपैकीं कांहीं मात्र चिंचवडच्या मालधक्क्यावर येतात. तेथें लांबच लांब बंद डब्यांच्या मालगाडींत त्या एकामागून एक चालवीत चढवितात, आणि ती मालगाडी देशाच्या दुसऱ्या टोंकास निघते. कापसासाठीं घातलेल्या रुळांवरून मोटारी जातात. स्टेशनासमोरच्या मुंबई रस्त्यावर आतां दुसऱ्या रुळांची गोष्ट निघाली आहे. ६ मार्च २०२२ रोजीं पिंपरीहून फुगेवाडीपर्यंत मेट्रो सुरू झाली. ती २०२३ सालीं दिवाणी न्यायालयापर्यंत आणि २०२४ सालीं स्वारगेटपर्यंत पोंचली. पिंपरीच्या पुढें निगडीपर्यंतच्या वाढीव मार्गास २०२३ सालीं मंजुरी मिळाली, आणि त्यांत एक स्थानक चिंचवडचें आहे. तें गांवांत नाहीं. स्टेशनाजवळ, त्याच रस्त्यावर आंखलेलें आहे.